अकोल्यात थंडी शिकवणारे काका

अकोल्याच्या मे महिन्यात दुपारी शहाणा माणूस कूलरसमोरून हलत नाही. रस्ते ओस पडतात आणि कुत्रीसुद्धा नालीतल्या ओल्यात जाऊन निजतात. त्याच मे महिन्यात, त्याच दुपारी, मूर्तिजापूर रोडवरच्या आमच्या यार्डात, लिंबाच्या सावलीला, एक म्हातारा माणूस पाच-सहा ड्रायव्हरांना समोर बसवून बर्फात ट्रक कसा सुरू करायचा ते शिकवायचा. अंगात बनियन, डोक्यावर ओला दुपट्टा. ‘समजा, राती पाणी गोठलं,’ अशी त्याची सुरुवात असायची. घामाने निथळणारे ड्रायव्हर एकमेकांकडे पाहायचे आणि कोणीतरी म्हणायचंच, ‘काका, गोठलेलं असन त थोडं इकडं द्या ना.’ दरवर्षी कोणीतरी म्हणायचं. काका दरवर्षी त्याला उठवायचे, सावलीतून बाहेर उन्हात बसवायचे आणि पुढे चालू करायचे.

मी एकदा विचारलं, की काका, हे सगळं निदान दिवाळीनंतर तरी शिकवा. तर म्हणाले, ‘दिवाळीनंतर पोट्टे रस्त्यावर असतात. परीक्षेच्या दिवशी कोन शाळेत पाठवते?’

काका आता नाहीत. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की मला आधी हसू येतं.

ते आमच्याकडे ट्रकसोबत आले. आमची बार्शीटाकळीजवळ संत्र्याची बाग आहे. बागेतला माल व्यापाऱ्याच्या गळ्यात न घालता स्वतःच वर, म्हणजे थेट दिल्ली-काश्मीरपर्यंत नेऊन विकायचं खूळ बाबांच्या डोक्यात शिरलं, तेव्हा त्यांनी मूर्तिजापूरच्या एका गृहस्थांचा जुना ट्रक पाहिला. सौदा ठरल्यावर गृहस्थ म्हणाले, ‘गाडी नेता त माणूसही न्या. हे दोघं एकमेकाशिवाय चालत नाहीत.’ नवरीसोबत पाठराखीण यावी तसे काका आमच्या यार्डात आले. पाठराखीण चार दिवसांनी परत जाते, काका राहिले. बाबा गेले, धंदा दादाच्या हातात आला, मी फोन आणि बिलं सांभाळू लागलो, आणि काका होते तिथेच होते.

तरुणपणी ते कितीतरी वर्षं लडाखच्या बाजूला सामान पोचवणाऱ्या ट्रकांवर होते. डाव्या पायाची दोन बोटं तिकडेच गेली. कोणी विचारलं तर म्हणायचे, ‘लय वर्षं खाल्लं तिकडचं, काहीतरी देऊन याव लागते.’ वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाने इतकी थंडी पाहिली, की पुढे आयुष्यभर त्यांचा उन्हावर विश्वासच बसला नाही. ऊन म्हणजे पाहुणा आणि थंडी म्हणजे घरची, अशा हिशेबाने ते वागायचे.

संध्याकाळी ट्रक यार्डात आला की त्याचं तोंड पूर्वेलाच पाहिजे. डोंगरात सकाळचं पहिलं ऊन इंजिनावर पडावं म्हणून अशी गाडी लावतात. अकोल्यात सूर्य उगवताना अंगावर घ्यावा अशी कोणाचीच इच्छा नसते, पण काकांपुढे बोलायची सोय नव्हती. शेजारच्या सिमेंटवाल्याची तक्रार होती की आमचे सगळे ट्रक रोज सकाळी त्याच्या दुकानाकडे डोळे वटारून पाहतात. मग हँडब्रेक ओढायचा नाही, कारण गारठ्यात ब्रेक धरून बसतो आणि सकाळी सुटत नाही. त्याऐवजी चाकाखाली लाकडाचा ठोकळा. ही सवय इतकी अंगात मुरली होती की चहाच्या टपरीवर स्कूटर उभी केली तरी ते चाकाला विटेचा तुकडा लावायचे. सपाट जमिनीवर, स्टँडवर उभ्या असलेल्या स्कूटरला! टपरीवाल्याने त्यांच्यासाठी एक वीट वेगळीच काढून ठेवली होती.

नंतर ब्रेकच्या हवेच्या टाक्यांचं पाणी काढायचं. हवेत ओल असते, ती टाकीत साचते आणि वर गेल्यावर तिचा नळीत बर्फ होतो. म्हणून रोज संध्याकाळी आमच्या यार्डातून फुस्स, फुस्स असा आवाज यायचा आणि गल्लीतल्या बाया म्हणायच्या, सात वाजले, स्वयंपाकाला लागा.

सकाळी इंजिन सुरू केलं की ते काही वेळ नुसतं चालू ठेवायचं. त्याचं तेल पातळ होऊन सगळीकडे पोचू द्यायचं. कोणी लगेच गिअर टाकला की काका बोनेटवर थाप मारायचे. ‘अबे, उठल्याबरोबर कामाले जुंपाले ते काय सून आहे का? तोंड धुऊ दे त्याले. चाय पिऊ दे.’ एकदा हे वाक्य डबा घेऊन आलेल्या काकूंनी ऐकलं. काकू बोलायला फटकळ. त्यांनी डबा बोनेटवर ठेवला आणि म्हणाल्या, ‘इंजिनाचं एवढं समजते तुमाले. मले चाळीस वर्षांत एक दिवस तरी म्हटलं का, आधी चाय पे म्हणून?’ सगळे ड्रायव्हर खाली पाहून बूट न्याहाळू लागले. काकांनी डबा उचलला, लिंबाखाली जाऊन बसले आणि त्या दिवशी कोणालाच रागावले नाहीत.

काकूंनीच इंजिनासाठी गोधडी शिवून दिली होती. जुन्या लुगड्यांची, चांगली जाड, चार पदरी. गाडी बंद केली की बोनेटखाली ती इंजिनावर टाकायची आणि सकाळी आठवणीने काढायची. तिच्यात एक हिरवा काठ होता. काकू सांगायच्या, तो त्यांच्या लग्नातल्या लुगड्याचा आहे, आणि हेही सांगायच्या, की घरातल्या माणसांच्या अंगावर फाटक्या चादरी आहेत.

एक सवय मात्र अशी होती की तिच्यावर आम्ही फार दिवस हसलो आणि नंतर कधी हसलो नाही. काका कुठेही असोत, खिडकी एक बोट उघडी ठेवायचे. ट्रकची तर ठेवायचेच. पण दादाने ऑफिसात एसी बसवला तरी हे जाऊन खिडकी सरकवायचे. दादा चिडायचा. एकदा दुपारी जेवण झाल्यावर, कोणी विचारलेलं नसताना, काकांनी सांगितलं. वर एका थांब्यावर त्यांचा जोडीदार ड्रायव्हर कॅबिनमध्ये कोळशाची शेगडी घेऊन, काचा पक्क्या लावून झोपला. काका दुसऱ्या गाडीत होते. सकाळी काच फोडून दार उघडावं लागलं. शेगडी आतली सगळी हवा खाऊन विझलेली होती आणि जोडीदार झोपल्यासारखाच दिसत होता. ‘गरमी भांडत येते,’ काका म्हणाले, ‘थंडी पाया पडत येते. म्हणून माणूस तिले घरात घेते.’ दुसऱ्या दिवशी दादाने स्वतःच्या हाताने एसीच्या खोलीची खिडकी एक बोट सरकवून ठेवली. वीज वाया जाते म्हणून तो आजही कुरकुरतो, पण खिडकी लावत नाही.

त्यामुळे काका या बाबतीत कडक होते आणि त्यांचा कडकपणा आम्ही मान्य केला होता. टाकरखेड्याचा आमचा एक ड्रायव्हर होता. त्याच्या हातून खास वऱ्हाडी चूक झाली. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापते, म्हणून दिसेल त्या ढाब्यावर रेडिएटरमध्ये साधं पाणी ओतायची आपल्याला सवय. तसं ओतत ओतत त्यातलं न गोठणारं औषध पार पातळ झालं, आणि तेच पाणी घेऊन हा गडी डिसेंबरात वर गेला. पाणी गोठून फुगलं आणि इंजिन तडकलं. काका दादाला म्हणाले, ‘ज्याले एक डाव सांगतलं ते समजत नाही, त्याच्या हातात गाडी देऊ नका.’ दादाने त्याला काढून टाकलं. तो माणूस जाताना काकांच्या पाया पडला. काकांनी पाय मागे घेतला. मला ते आवडलं नव्हतं, पण मी बोललो नाही. थंडीच्या गोष्टीत काकांसमोर कोणी बोलत नसे.

काकांजवळ दुसरं काही नव्हतं, हेही खरं. शेत नाही, मूलबाळ नाही. अकोल्याहून वर जाणारा कुठलाही ट्रक असो, आमचा असो की परक्याचा, निघण्याआधी ड्रायव्हर काकांना विचारून जायचा. टपरीवर बसले की येणारे-जाणारे थांबून ‘काका, राम राम’ म्हणायचे. तेवढी एक गोष्ट त्यांनी आयुष्यात कमावली होती आणि ती त्यांना पुरत होती.

मग आमच्याकडे नवीन ट्रक आला. मोठी टाकी, दांडगं इंजिन, समोर लाल-पिवळे दिवे आणि धूर स्वच्छ करायला युरियाची एक वेगळी टाकी. ‘युरिया कपाशीले टाकतात,’ काका म्हणाले, ‘गाडीले कोन टाकते?’ पण घरात नवी सून आली की सासरा जसा खाकरून आत जातो, तसे ते त्या ट्रकजवळ थोडे दबकून वागायचे. तो चालवायला दादाने मंगेशला ठेवलं. मंगेश मूर्तिजापूरकडचाच, तिशीचा, आधी रेतीचे टिप्पर चालवायचा. घरात म्हातारी आई, बायको आणि नुकतीच झालेली मुलगी. हात चांगला, बोलणं कमी. काका त्याला दिवसभर बोलायचे आणि जेवताना स्वतःच्या डब्यातली पोळी त्याच्यासमोर सरकवायचे.

त्या वर्षी डिसेंबरात आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्यात उतरणाऱ्या संत्र्यांचा, शेवटचा माल श्रीनगरला एका नव्या व्यापाऱ्याकडे जायचा होता. व्यापाऱ्याची ओळख करून घ्यायला मी सोबत निघालो. मंगेश वर पहिल्यांदाच जात होता, म्हणून काकाही. असे आम्ही तिघं. मंगेश चालवत होता, काका त्याच्या बाजूला बसून शिकवत होते आणि मी मागच्या फळीवर झोपून ऐकत होतो. मला रस्त्यातलं फार काही आठवत नाही, कारण जम्मूच्या पुढे-मागे मी सर्दीची गोळी घेऊन गाढ झोपलो होतो.

घाटातला बोगदा ओलांडून काश्मीरच्या खोऱ्यात काझीगुंडला पोचलो आणि पुढे बर्फ पडल्यामुळे सगळ्या गाड्या रस्त्याकडेला थांबवल्या. दिवस मावळायला आला होता. काकांनी सगळं साग्रसंगीत केलं. ट्रकचं तोंड पूर्वेला केलं. चाकांना ठोकळे लावले. टाक्यांमधलं पाणी काढलं. बॅटरी काढून कॅबिनमध्ये आमच्या पायाशी आणून ठेवली. इंजिनावर काकूंची गोधडी टाकली. काच एक बोट खाली केली आणि त्या एका बोटातून काश्मीरची सगळी थंडी माझ्या नाकात शिरली.

सकाळी बॅटरी लावून मंगेशने चावी फिरवली. इंजिन लगेच बोललं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांनीच ते जन्माला घातलं आहे. तोंड धुवायच्या आतच इंजिन खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा चावी फिरवली. फिरण्याचा आवाज चांगला, पण पेट घेईना.

काका खाली उतरले. त्यांनी टाकीतलं थोडं डिझेल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढलं आणि बाटली उजेडात धरली. हिवाळ्यात न्हाणीतल्या खिडकीत ठेवलेली खोबरेल तेलाची बाटली होते, तसं ते झालं होतं. पांढरट आणि दाट.

हे मलाही कळत होतं. काकांच्या मे महिन्यातल्या शाळेत मी येता-जाता पुष्कळ ऐकलं होतं. आपल्याकडचं डिझेल आपल्या हवेचं असतं. वर हिवाळ्यात त्यात मेण धरतं आणि ते गाळणीत अडकतं. तिकडच्या पंपांवर हिवाळ्यात न गोठणारं डिझेल मिळतं. म्हणून काकांचा पहिला नियम होता, की घाट चढायच्या आधी जम्मूला टाकी भरायची, मग कितीही डिझेल शिल्लक असो.

‘मंगेश,’ मी म्हणालो, ‘जम्मूला डिझेल भरलं नव्हतं का?’

मंगेशने मान हलवली. नाही.

‘काहून नाही भरलं? एवढं वर्षभर काका काय सांगून राहिले होते?’

 मंगेशने काकांकडे एकदा पाहिलं आणि खाली पाहू लागला. काका बाटलीकडे पाहत होते. मी आणखी चार शब्द बोललो, थंडीने बोलणं तोंडातून नीट बाहेर पडत नव्हतं म्हणून चारच. मागे संत्री होती. ताडपत्री आणि तणसाखाली ती अजून चांगली होती, पण गाडी तिथेच आणखी एक रात्र राहिली असती तर फळ आतून मेलं असतं आणि वर्षभराची बाग रस्त्याकडेला ओतावी लागली असती.

काकांनी कामाला सुरुवात केली, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना न बोलता काम करताना पाहिलं. एरवी पाना उचलताना पान्याची गोष्ट सांगणारा माणूस. रस्त्याकडेला एका म्हाताऱ्या काश्मिरी चाचांची चहाची टपरी होती. त्यांच्याकडून मंगेशने गरम पाणी आणलं. चाचा म्हणाले, ‘पहले ख़ुद चाय पी लो, गाड़ी कहाँ भाग रही है?’ या वाक्यावर काका एरवी तासभर बसले असते. ते नुसते हसले आणि पाण्याची बादली घेऊन आले.

गोधडी गरम पाण्यात भिजवून, पिळून, त्यांनी डिझेलच्या नळ्यांना गुंडाळली. गार झाली की पुन्हा भिजवायची. जुन्या ट्रकमध्ये असताना ते सरळ टाकीत रॉकेल ओतायचे, आणि टाकीखाली चिंध्यांची मशालही धरायचे. इथे त्यांचा हात थांबला. त्यांनी मंगेशला विचारलं, ‘या गाडीत रॉकेल चालते का?’ मंगेश म्हणाला, ‘नाही काका, कंपनीवाल्यानं नाही म्हणून सांगतलं. जाळही नाही धराचा, टाक्या प्लास्टिकच्या आहेत.’ काका ‘बरं’ म्हणाले. काकांनी कोणाला ‘बरं’ म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मंगेश कॅन घेऊन खालच्या पंपावर गेला आणि तिकडचं डिझेल घेऊन आला. गाळणी नवी बसवायची होती, ती त्या डिझेलने भरायची होती, बाकीचं टाकीत टाकायचं होतं आणि उन्हाची वाट पाहायची होती. काकांच्या बोटांना भेगा पडून रक्त येत होतं. मी हातमोजे दिले तर त्यांनी ते खिशात ठेवले.

ऊन बोनेटवर आलं तेव्हा दादाचा फोन आला. त्याला मी सकाळीच कळवलं होतं आणि मधल्या वेळात त्याचा राग नीट तापला होता. दादाचा आवाज फोनमध्ये मावत नाही. शेजारी उभ्या माणसालाही ऐकू येतो.

‘जम्मूले टाकी भराची एवढी साधी गोष्ट,’ दादा म्हणत होता, ‘टाकरखेड्याच्याले काढला तसा यालेही काढतो. त्या मंग्याले तिथूनच बसमध्ये बसवून दे. गाडी काका आणतीन.’

मंगेशने ते ऐकलं. तो नळीभोवतीची गोधडी धरून बसला होता. त्याने हात काढला नाही, फक्त मान आणखी खाली घातली. मला त्याची मुलगी आठवली, निघताना त्याच्या बायकोने ट्रकच्या दाराशी उचलून धरलेली. 

काकांनी हात पुढे केला. ‘दे इकडं.’

मला वाटलं, दादाला दुजोरा देणार. काकांनी फोन कानाला लावला. दादा पलीकडून ‘हॅलो, हॅलो’ करत होता.

‘मोठे भाऊ,’ काका म्हणाले, ‘मंगेश जम्मूले पंपावर गाडी घेत होता. त्यानं मले विचारलं, काका, टाकी भरू का? लाइन मोठी होती. म्या म्हटलं, चाल, आहे तेवढं पुरते. हे म्या म्हटलं.’

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘जुनी गाडी खादाड होती. अकोल्याचं डिझेल ग्वाल्हेरच्या आतच पिऊन टाकाची. पंजाबात भरलं, की पुढं सगळं तिकडचंच. तेच माझ्या डोक्यात होतं. ही गाडी कमी खाते, टाकी मोठी. ग्वाल्हेरले भरलेलं डिझेलच घाट चढून आलं. जुन्या गाडीची भूक धरून म्या नव्या गाडीचं जेवण मोजलं. पोट्ट्यानं विचारलं होतं, भाऊ. म्या नाही म्हटलं.’

दादा काहीतरी म्हणाला. ‘जाऊ द्या काका’ असं असावं.

‘जाऊ कसं द्या?’ काकांचा आवाज पहिल्यांदाच चढला. ‘टाकरखेड्याच्या पोट्ट्याले जाऊ देलं होतं का आपण? म्याच सांगतलं होतं तुमाले, त्याच्या हातात गाडी देऊ नका म्हणून. तेच माझं. गाडी मंगेश आणीन. म्या बाजूले बसून येतो आणि आल्यावर चावी ठेवतो.’

त्यांनी फोन बंद करून मला दिला. मंगेश रडत होता. काका त्याच्यावर खेकसले, ‘रडतं काय बे? गोधडी गार झाली, पानी आण.’ आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘सकाळीच सांगाले पाह्यजे होतं. जीभ उचलली नाही.’

मला त्या वेळी त्या माणसाचा इतका अभिमान वाटला, आणि त्याच वेळी इतकं वाईट वाटलं, की मी टपरीवर जाऊन चाचांच्या समोवारजवळ, त्या तांब्याच्या चहाच्या बंबाजवळ, उगाच उभा राहिलो. मंगेश गप्प राहिला होता. काकाही गप्प राहिले असते तर ही गोष्ट आम्हाला कधीच कळली नसती.

दुपारी इंजिन लागलं. काकांनी ते बराच वेळ नुसतं चालू ठेवायला लावलं. रस्ता सुटला तेव्हा आम्ही निघालो. कडेच्या थोड्या कॅरेटमधली संत्री गेली, बाकीचा माल व्यापाऱ्याने घेतला. येताना काका डाव्या बाजूला, क्लीनरच्या जागी बसले होते. धुकं आलं की खाली उतरून काच पुसायचे, गाडी मागे घेताना बाजूने थापा मारत ‘आन दे, आन दे’ म्हणायचे. जम्मूला मंगेशने पंपासमोर वेग कमी केला आणि सवयीने काकांकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर पाहत राहिले. मग मंगेशने स्वतःच ठरवलं आणि गाडी पंपात वळवली.

अकोल्यात आल्यावर काकांनी खरंच दादाच्या टेबलावर चावी ठेवली. दादाने पुष्कळ समजावलं. यार्डातल्या एकाने तर त्यांना वाटही काढून दिली, की काका, नवीन गाडीचंच काहीतरी असन, कंपनीचा फॉल्ट असन. काका म्हणाले, ‘गाडी चांगली आहे.’ त्याच आठवड्यात ते एसटीत बसून टाकरखेड्याला गेले. काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तो काढलेला ड्रायव्हर काकांसोबत यार्डात आला. काकांनी त्याला दादासमोर उभं केलं आणि म्हणाले, ‘याले घ्या. एक डाव चुकला म्हणून माणूस फेकाचा नसते. मले उशिरा समजलं.’ दादाने घेतलं.

काकांनी पुन्हा कधी गाडी चालवली नाही. यार्डात मात्र रोज यायचे. टपरीवर राम राम करणारे कमी झाले का, ते मी मुद्दाम पाहायचो. थोडे कमी झाले होते. बातमी ट्रकच्या आधी घरी पोचते, आणि लोकांना अशा बातमीत जरा मजा येते. एक-दोन पोरं त्यांच्या मागे ‘आहे तेवढं पुरते’ असं म्हणून हसायची. काकांना ते ऐकू यायचं.

पुढच्या डिसेंबरात वर जाणारा पहिला ट्रक निघायचा होता. बंपरला हळद-कुंकू लागलं, नारळ फुटला. मे महिन्यातल्या शाळेनंतर कामावर लागलेले चार ड्रायव्हर नवे होते, आणि त्यांना वरच्या रस्त्याचं मंगेशने सांगावं असं काकांनी ठरवलं होतं. ते स्वतः त्या नव्या पोरांच्या मागे, खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन, खाली जमिनीवर मांडी घालून बसले.

मंगेश अडखळत बोलत होता. पाण्याचं सांगितलं, ब्रेकचं सांगितलं. मग डिझेलवर आला. ‘एक डाव काय झालं,’ तो म्हणाला, ‘एका ड्रायव्हरनं जम्मूले टाकी नाही भरली...’

‘एका ड्रायव्हरनं म्हणजे कोन?’ मागून काका म्हणाले.

मंगेश थांबला. ‘काका, राहू द्या ना.’

‘नाव घे.’

‘काका...’

‘नाव नाही घेतलं त पोट्टे समजतीन, असन कोनी येडा. येडा नव्हता तो. चांगला जाणता होता, चाळीस वर्षं गाडी चालवली होती, आणि तरी चुकला. ते समजलं पाह्यजे यायले. नाव घे माझं.’

नव्या पोरांनी वळून मागे पाहिलं. मंगेशने काकांचं नाव घेतलं. पूर्ण घेतलं, वडिलांच्या नावासकट.

‘हं,’ काका म्हणाले, ‘आता सांग पुढं.’